धाब्याच्या घरातला भयपट

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील पाच मित्र पदरचे सव्वादोन लाख रुपये घालून एक मराठी भयपट करीत आहोत. वडिलांच्या मारहाणीत वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट असून सगळे चित्रीकरण एका जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात होणार आहे. पटकथा वाचलेल्यांचे म्हणणे असे की भुताशिवाय कोणी पाहणार नाही, तेव्हा वडिलांना कशाने तरी झपाटले होते असे शेवटी दाखवावे. मारहाण किती दाखवावी, याबद्दलही आमच्यात एकमत नाही. आणखी एक सांगायला हवे : ते घर माझेच आहे आणि आई अजून तेथेच राहते.
– एक वाचक, तालुका चोपडा

उत्तर : वडिलांना झपाटलेले दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे सून बोलेनाशी झाली किंवा मूल झोपेत किंचाळू लागले की ‘बाहेरचे झाले’ असे म्हणून तिला भगताकडे नेतात, आणि ज्याच्या धाकाने ती बोलेनाशी झाली तो मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करीत असतो. शेवटच्या दहा मिनिटांत तुम्ही भूत काढलेत, तर तो माणूस निर्दोष सुटेल. भूत हवेच असेल तर ते मुलीच्या मनातले असू द्या. आपले वडील असे वागतात हे तिला सोसवत नाही, म्हणून रात्री घरात येणारा हा कोणी दुसराच आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली आहे, एवढे पुरे. प्रेक्षकाला खरे काय ते तिच्या आधी कळले पाहिजे.

पैसे कमी असल्याची चिंता करू नका. १९९९ सालचा ‘कौन’ हा हिंदी चित्रपट एक घर आणि तीन पात्रे एवढ्यावरच उभा आहे. तुमच्याजवळ तर केळीचा मुलूख आहे. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, आणि रात्रीची पाळी असली की घरचा माणूस पाणी भरायला मळ्यात जातो. अशा घरातल्या मुलीला लाईटचे वेळापत्रक तोंडपाठ असते, कारण कोणत्या रात्री निवांत झोपता येईल हे तिला त्यावरूनच कळते. मग एखाद्या रात्री डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळते, मोटार बंद पडते, आणि केळीच्या पानांआडून बॅटरीचा उजेड ठरल्या वेळेच्या फार आधी घराकडे येऊ लागतो. याहून भीतिदायक दृश्य मला तरी सुचत नाही, आणि त्याला खर्च एका बॅटरीचा आहे.

धाब्याचाही असाच उपयोग करा. उन्हाळ्यात वर निजलेला माणूस उठून चालू लागला की खाली माती झरते. ती झरू लागताच आई भाकरीच्या टोपल्यावर पदर धरते आणि मुलगी पावले मोजू लागते. ही पावले जिन्याकडे वळली की नाही, हे प्रेक्षकाने तिच्याबरोबर कान देऊन ऐकावे. म्हणून कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालेल, पण चांगला माइक आणि ध्वनिमुद्रण जाणणारा माणूस यांवर हात आखडू नका.

मारहाण एकदाच, तीही भिंतीपलीकडून ऐकू यावी. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायच्या आत ती मुलगीच ‘आई गोठ्यात घसरली’ असे सांगून मोकळी होते, हे मात्र जवळून दाखवा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा शारीरिक छळाबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. डब्यातल्या पिठाचा हिशेब मागणारा, कधीही आवाज न चढवणारा बाप पडद्यावर काठीवाल्यापेक्षा जास्त घाबरवील. त्याला दारुडा करू नका, नाहीतर सगळा दोष बाटलीवर जाईल.

बालकलाकाराबाबत नियम पाळा. चौदा वर्षांखालील मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तिच्या मानधनाचा किमान २० टक्के भाग तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. नियमात नसलेली एक गोष्ट माझ्याकडून : तिला खरोखर घाबरवून रडू काढू नका. तिचा चेहरा वेगळा चित्रित करा आणि बापाचा आवाज संकलनात जोडा. त्या वेळी बापाचे काम करणारा नट तिच्याशी खेळत असला तरी हरकत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीलाच १०९८ हा मुलांसाठीचा आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक दाखवा, कारण शेवटपर्यंत बसणे ज्यांना जमणार नाही त्यांनाच तो लागणार आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी. कॅमेरा घरात नेण्याआधी आईजवळ बसा आणि सगळी पटकथा तिला वाचून दाखवा. मित्रांना त्या दिवशी बोलावू नका. तिला एखादा प्रसंग नको असेल तर कारण न विचारता तो काढा. एखादी गोष्ट तुम्ही चुकीची लिहिली आहे असे ती म्हणाली तर तिचेच शब्द घ्या. त्या भिंतींत हे सारे पुन्हा घडलेले पाहणे तिला नको वाटले, तर दुसरे घर शोधा. धाब्याची रिकामी घरे तुमच्या भागात अजून मिळतील.