बॉनेट गार असतानाच गाडी पाहा : मसल कारविषयी (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांविषयी) वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी बघायला जातोय. मॅन्युअल गिअर, ४१,००० मैल, एकच मालक. नेमकं काय तपासू? आणि आमच्याकडच्या बर्फात ती चालवता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांजवळ) हात न्या. ऊब लागली तर गाडी आधी गरम करून ठेवली आहे, म्हणजे गार इंजिनाचा आवाज तुमच्या कानावर पडू द्यायचा नाही. इंजिन गार होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा.

इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढा. २०१८ च्या ५.० लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनात ५डब्ल्यू-२० तेल १० क्वार्ट, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर बसतं. यातली काही इंजिनं तेल पितात. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकाने महिनोन्महिने बघितलेलं नाही असं समजा आणि तेलबदलाच्या पावत्या मागा. गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) टाइपरायटरसारखी बारीक टकटक येते. ती या इंजिनात बऱ्याच जणांना ऐकू येते आणि एवढ्यावरून गाडी नाकारू नका. खालून जड ठोका येत असेल आणि आरपीएमबरोबर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांबरोबर) वाढत असेल तर मात्र गाडी सोडून द्या.

गिअरबॉक्स एमटी-८२ या मॉडेलचा आहे. गार असताना दुसरा गिअर थोडा अडतो, ते चालेल. गरम झाल्यावर ५,००० आरपीएमच्या वर पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात टाका. खरखर आली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) झिजले आहेत. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडाला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

बर्फाचं म्हणाल तर अडचण ४६० अश्वशक्तीची नाही, टायरची आहे. परफॉर्मन्स पॅकेजच्या गाडीला उन्हाळी टायर येतात (पुढे २५५/४० आर १९, मागे २७५/४० आर १९) आणि ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचं रबर कडक होतं. बर्फ पडायच्या आधीच पकड जाते. हिवाळी टायर चारही घ्या. फक्त मागचे बदलले तर गाडी निघेल, पण वळणार नाही. रिम १९ इंचीच घ्या, कारण लहान रिम ब्रेकच्या ब्रेंबो कॅलिपरला घासू शकते. टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१८ म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा. इतका जुना टायर वर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदलण्याच्या हिशेबातच धरा.

प्रश्न : २०१९ ची डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक आवडली आहे, पण सुरू केल्यावर टिक-टिक येते. विक्रेता म्हणतो, हेमीला (डॉजच्या या व्ही-८ इंजिनाला) ही असतेच. खरं आहे का? (फ्रिस्को, टेक्सास)

अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत हजारो डॉलर आहे.

टिक-टिक दोन ठिकाणांहून येते. पहिलं ठिकाण म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटलेला बोल्ट, बहुधा मागच्या टोकाचा. तिथून गॅस फुसफुसतो. धातू तापून फुगला की फट मिटते, त्यामुळे गार असताना येणारा आवाज पाच-दहा मिनिटांत विरतो. टॉर्च घेऊन बघा, बोल्टचं डोकं जागेवर नसतं किंवा कडेला काजळी दिसते. बोल्ट आत मोडला असेल तर काढायला वेळ जातो, पण इंजिनाला धोका नसतो.

दुसरं ठिकाण लिफ्टरचं, म्हणजे कॅमशाफ्टच्या फिरण्याने वरखाली होऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं. लिफ्टरच्या टोकाला छोटा रोलर असतो आणि त्यात सुईसारखी बारीक बेअरिंग. ती गेली की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमशाफ्टवर घासत राहतो. हा आवाज इंजिन तापल्यावरही जात नाही, आरपीएमबरोबर वाढतो, आणि पुढे गाडीच्या संगणकात एखाद्या सिलिंडरचा मिसफायर कोड (त्यात इंधन नीट जळत नसल्याची खूण) येतो. ऑटोमॅटिक गाडीत हलक्या चालीला १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर बंद होतात. त्यांचे लिफ्टर वेगळ्या रचनेचे असतात, म्हणून कोड त्यांच्यापैकी असेल तर संशय पक्का धरा. मॅन्युअल स्कॅट पॅकमध्ये सिलिंडर बंद करण्याची ही सोयच नाही. हेमीचे लिफ्टर काढायला दोन्ही हेड उतरवावे लागतात, म्हणून मजुरी इतकी चढते.

खात्री करण्याचा उत्तम मार्ग तेलात आहे. खरेदीपूर्व तपासणी करणाऱ्या मेकॅनिकला सांगा की तेल बदल आणि जुना फिल्टर कापून दाखव. फिल्टरचा कागद पसरून उन्हात तिरपा धरा. चमचमणारे कण दिसले तर कॅमशाफ्ट झिजतोय. या ६.४ लिटर इंजिनात ०डब्ल्यू-४० तेल ७ क्वार्ट लागतं. पावत्यांवर ५डब्ल्यू-२० दिसलं तर कुणीतरी धाकट्या ५.७ चं तेल यात ओतलं आहे. पॉवरट्रेनची (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी पहिल्या विक्रीपासून ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, जे आधी होईल तोपर्यंत होती, म्हणून थोडी नवी गाडी मिळत असेल तर पहिल्या विक्रीची तारीख आवर्जून विचारा.

प्रश्न : वुडवर्डच्या ऑगस्टमधल्या ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) दोन गाड्या मनात भरल्या : १९६९ ची शेव्हरले कॅमारो एसएस ३९६ आणि १९७० ची चॅलेंजर आर/टी ४४० सिक्स पॅक (तीन कार्ब्युरेटरची). अस्सल आहेत हे कसं ओळखू? (ट्रॉय, मिशिगन)

चॅलेंजरचं काम सोपं आहे, कारण तिचा व्हिन क्रमांक (गाडीचा ओळख क्रमांक) बोलतो. सुरुवात जेएस २३ व्ही ० अशी हवी. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, व्ही म्हणजे ४४० सिक्स पॅक, ० म्हणजे १९७०. पाचवं अक्षर यू असेल तर कारखान्यातून चार बॅरलचा एकच कार्ब्युरेटर आला होता आणि तीन कार्ब्युरेटर नंतर बसवले आहेत. बॉनेटखाली डाव्या बाजूचा फेंडर टॅग (कारखान्याची कोड असलेली पट्टी) या क्रमांकाशी जुळवा.

कॅमारोत इथेच फसगत होते. १९६९ च्या व्हिनवरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं (१२४ ने सुरू होतो, सहा सिलिंडरचा १२३ ने), एसएस आहे की नाही ते कळत नाही. बिल्ले आणि पट्टे बाजारात विकत मिळतात. नॉरवूड कारखान्याच्या, डिसेंबर १९६८ पासूनच्या गाड्यांच्या ट्रिम टॅगवर (कारखान्याच्या अशाच पट्टीवर) एक्स-२२ किंवा एक्स-६६ असेल तर ती एसएस ३९६. लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर हे कोड नाहीत. तिथे मूळ कागद आणि इंजिनावर ठोकलेला अंशतः व्हिन हेच पुरावे. त्या ठोकलेल्या अंकांभोवतीचा भाग नीट बघा. कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा पुसून पृष्ठभाग गुळगुळीत केला असेल तर अंक नव्याने ठोकले आहेत. कागद नसतील तर एसएसचे पैसे मोजू नका, साध्या कॅमारोचे मोजा.

मिशिगनमध्ये मीठ टाकलेल्या रस्त्यांनी पत्रा खाल्लेला असतो. पातळ कापडात चुंबक गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानी आणि क्वार्टर पॅनेलच्या खालच्या कडेवर फिरवा. चुंबक सुटला तिथे खाली लांबी (पुट्टी) भरली आहे. डिकीतला गालिचा उचला, मागच्या काचेची खालची खाच नखाने खरवडा. चॅलेंजरच्या खाली झोपून टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) मागे जिथे अडकतात तो आडवा भाग बघा. तो कुजला असेल तर रंग कितीही देखणा असो, गाडी घेऊ नका.

प्रश्न : भाऊ अमेरिकेत आहे. त्याची वापरलेली चॅलेंजर भारतात पाठवता येईल का, की इथलीच जुनी मस्टँग घेऊ? (पुणे)

चॅलेंजरचा विचार सोडा. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. चॅलेंजर कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगचीच निघाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनला तिचं उत्पादनही थांबलं.

मस्टँग २०१६ पासून इथे अधिकृतपणे विकली गेली, ५.० व्ही-८ आणि ऑटोमॅटिक, कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची. इंजिन दणकट आहे, त्यापेक्षा कागद आणि पोट तपासा. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर एनओसी, बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि फॉर्म २९-३० हातात घ्या. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, आणि आयात गाडीचा एकरकमी कर इथे २० टक्के आहे. वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी आकडा मोठाच राहतो. आरटीओत विचारूनच सौदा करा.

गाडी लिफ्टवर चढवून स्पीडब्रेकरने घासलेलं पोट बघा. मग चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडीत पुराचं पाणी शिरलं होतं.

प्रश्न : सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवलेली मस्टँग जीटी साध्या जीटीच्याच भावात मिळतेय. घेऊ? (सॅन होजे)

ट्यून (इंजिनाच्या संगणकातला बदल) कुणी केला, तेलाच्या पंपाचे गिअर बदलले का, आणि किटला कॅलिफोर्नियाचा ईओ क्रमांक (प्रदूषण नियमांखालच्या मंजुरीचा) आहे का, या तिन्हींची कागदावर उत्तरं मिळाली तरच. इंजिन रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटत राहिलं की पंपाचे मूळ गिअर फुटतात आणि तेलाचा दाब क्षणात जातो. ईओ नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी अडते.

प्रश्न : डॉजची हेलकॅट घ्यायची आहे, पण चोरीची भीती वाटते. (शिकागो)

भीती रास्त आहे, चोरीच्या दाव्यांत या गाड्या फार वर असतात. पैसे देण्याआधी व्हिन देऊन विम्याचा दर लेखी मागवा. डीलरकडून चार अंकी कोडचं सुरक्षा सॉफ्टवेअर टाकून घ्या. कोड न देता सुरू केली तर इंजिन ६७५ आरपीएमच्या वर जात नाही आणि तीन अश्वशक्तीही देत नाही. लाल किल्ली पूर्ण ताकदीची, काळी ५०० अश्वशक्तीपर्यंतची. दोन्ही मागून घ्या, आणि मालकाने न दिलेल्या किल्ल्या डीलरकडे संगणकातून रद्द करून घेतल्याशिवाय गाडी रात्री बाहेर उभी करू नका.