नोकरीसाठीची असाइनमेंट हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचार

मुलाखतीच्या चार फेऱ्या झाल्या आणि मग कंपनीकडून एकदम शांतता, असं तू रेझ्युमेसोबत लिहिलंस. पण म्हणजे तुझ्यातच काहीतरी कमी आहे असं धरून बसू नकोस. बऱ्याचदा भरतीच थांबवलेली असते किंवा आतला माणूस आधीच ठरलेला असतो. जाहिरात मात्र तशीच लटकत राहते. आठवड्याने दोन ओळींचा मेल टाक. उत्तर नाही आलं तर पुढे सरक.

खरी मेख असाइनमेंटमध्ये, म्हणजे निवडीआधी करून मागितलेल्या कामात असते. मला एकदा 'छोटीशी टेस्ट' म्हणून अख्ख्या वेबसाइटचा मजकूर लिहायला सांगितला. ३ रात्री जागून दिला. नोकरी मिळाली नाही, पण पुढे माझीच वाक्यं त्यांच्या साइटवर झळकली, माझ्या एका चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट! तेव्हापासून आधीच विचारतो: काम किती तासांचं, आणि वापरणार असाल तर मानधन किती? सरळ लोक यावर चिडत नाहीत.

ओळखपत्र, बँकेचे तपशील ऑफर लेटरची खातरजमा झाल्याशिवाय देऊ नकोस. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं की तिथेच ब्लॉक कर. आणि हो, रेझ्युमेत जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता कशाला टाकलायस? शहराचं नाव पुरे.