लेस्टरला निघण्याआधी : संस्थेतलं काम आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा बाऊ

तुमच्या निरोपात प्रश्न तीनच आहेत, पण त्यामागची धाकधूक कळली. आठ वर्षं धुळे-नंदुरबारकडे पाणलोट आणि बचतगटांचं काम, नवऱ्याला इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी, जूनमध्ये निघायचं. इथल्या चॅरिटींच्या जाहिराती चाळल्यात तर जिथे तिथे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अनुभव आवश्यक'. म्हणून विचारताय : निघण्याआधी पीएमपी, म्हणजे ते प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, करून टाकू का? फील्डचा अनुभव तिकडे कोणी धरेल का? आणि काम खरंच इतकं वेगळं असतं का?

मी नगर जिल्ह्यातल्या एका पाणलोट संस्थेतून इकडे आले, त्याला अकरा वर्षं झाली. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) लेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर एका छोट्या चॅरिटीत काम करते. तेव्हा जे सांगते ते छोट्या संस्थेतून पाहिलेलं आहे. लंडनमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं गणित निराळं असतं.

आधी व्हिसाचं, म्हणजे ते डोक्यातून जाईल. नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून येताय, तर तुम्हाला वेगळी स्पॉन्सरशिप (नोकरी देणाऱ्यानं व्हिसासाठी घ्यायची हमी) लागत नाही, जवळजवळ कुठेही नोकरी करता येते. ही मोठी गोष्ट आहे. छोट्या चॅरिटी सहसा स्पॉन्सरशिपच्या भानगडीत पडतच नाहीत. 'चॅरिटी वर्कर' नावाचा एक व्हिसा दिसेल तुम्हाला, त्याच्या नावाला भुलू नका, तो बिनपगारी कामासाठी असतो.

आता पीएमपी. माझं मत विचाराल तर आत्ता नको. परीक्षेला बसायचं तर पदवीधराला 36 महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. तुमच्याकडे अनुभव आहे, पण मुलाखत घेणारी बाई बहुधा त्या तीन अक्षरांकडे ढुंकूनही पाहणार नाही. प्रिन्स-टू हे असंच दुसरं प्रमाणपत्र, इथल्या सरकारी कामातून आलेलं. कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) नोकऱ्यांत ते कधी कधी मागतात. वाचायचंच असेल तर पीएम-फॉर-एनजीओज या संस्थेचं प्रोजेक्ट डीप्रोचं (आधीचं नाव पीएमडी-प्रो) मार्गदर्शक पुस्तक उतरवून घ्या. ते फुकट मिळतं आणि विकासाच्या कामासाठीच लिहिलेलं आहे. दोन रविवारांत होईल. वाचताना बऱ्याच पानांवर वाटेल, अरेच्चा, हे तर आपण करतोच.

करतोच, पण अर्धवट. मुद्दा तिथेच आहे.

तुम्हाला माथा ते पायथा वेगळं सांगायला नको. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध, सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. आमच्या एका गावात सरपंचांना बंधारा आधी हवा होता. बंधारा दिसतो, फीत कापता येते. चराची फीत कोण कापणार? शिवाय निधी मार्चच्या आत संपवायचा होता. बांधला. पहिल्याच पावसाळ्यात वरची मोकळी माती खाली आली आणि बंधारा निम्मा गाळानं भरला. कुठलं काम कशाच्या आधी झालंच पाहिजे, ते चुकलं की पुढचं सगळं वाया, यालाच प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाली मंडळी 'डिपेंडन्सी' म्हणतात आणि त्याचा गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता, काढतात. तुम्ही तो गावनकाशावर खडूनं काढलेला असणार.

इथे मी आले आणि मला दिलं काय, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आठवड्यातून एकदा जेवण. बरेचसे गुजराती, पंजाबी, काही कॅरिबियन, दोन-तीन इंग्रज आज्या. वाटलं, यात काय मॅनेजमेंट? वरण-भात करायचा नि वाढायचा. मग यादी काढायला बसले. नियमित जेवण द्यायचं तर सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी कौन्सिलकडे खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणी. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्यांना फूड हायजीनचं प्रशिक्षण. हॉलचं बुकिंग, पण हॉलचा करार ट्रस्टींच्या (संस्थेच्या विश्वस्तांच्या) मंजुरीशिवाय नाही, आणि ट्रस्टींची बैठक दोन महिन्यांतून एकदा. अजेंडा आठवडाभर आधी जातो. त्यात तुमचा विषय नसेल तर बसा पुढचे दोन महिने. म्हणजे माझा 'माथा' ट्रस्टींचा अजेंडा निघाला, आणि मी पायथ्याशी तांदळाचे भाव काढत बसले होते!

तेव्हापासून मी प्रत्येक कामाचा एकच कागद करते. पाच रकाने : काम, कोण करणार, कधीपर्यंत, कशाच्या आधी व्हायला हवं, अडलं तर काय. 'कोण' या रकान्यात एकच नाव. 'टीम' लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं, हे बचतगटात आपण शिकलोय. तिथे प्रोसिडिंग वहीत ठरावापुढे सही कोणाची ते लिहितोच ना? तेच. शेवटच्या रकान्याला इथे मोठं नाव आहे, रिस्क रजिस्टर. आमच्या कागदावरची एक ओळ : 'मुख्य आचारी आजारी पडल्यास – शेजारच्या गुरुद्वाऱ्यात आधी बोलून ठेवणे – फोन माझ्याकडे.' पहिल्याच जानेवारीत ती वापरावी लागली, आणि त्या दिवशी आजोबा मंडळी छोल्यांवर इतकी खूश झाली की आमच्या आचाऱ्याला राग आला.

आता माझी चूक सांगते, कारण पीएमपीपेक्षा ती जास्त उपयोगाची आहे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला एका निधी देणाऱ्या संस्थेकडून 8,600 पौंड मिळाले. त्यात 2,400 मिनीबससाठी. तीन महिन्यांत लक्षात आलं की बस निम्मी रिकामी येते. इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयाच्या माणसांना बसचा फुकट पास असतो, साडेनऊनंतर तो चालतो, आणि आमची मंडळी आपापली निवांत येत होती. उलट येणारे वाढल्यामुळे स्वयंपाकाचा खर्च फुगत होता. मी काय केलं? बसचे 900 पौंड स्वयंपाकाकडे वळवले. खिशात तर घातले नाहीत, त्याच माणसांच्या पोटात गेले. आपल्याकडे मी हे दहा वेळा केलं होतं. खर्चाच्या एका हेडचं दुसऱ्या हेडला, मार्चएंडला व्हाउचर जुळवायची, यूसीवर (निधी वापरल्याच्या दाखल्यावर) सीएची सही, विषय संपला.

वर्षअखेरचा अहवाल गेला आणि तिकडून एका ओळीचा मेल आला : मिनीबसच्या रकमेत फरक दिसतो, बदलाची परवानगी कधी घेतली होती? घेतलीच नव्हती. 900 पौंड परत गेले, आणि ते गेले संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून, ज्यातून आम्ही दिवाळी आणि ख्रिसमसचं एकत्र जेवण करणार होतो. आमचे खजिनदार निवृत्त बस ड्रायव्हर. ते ओरडले नाहीत. कागद माझ्यापुढे सरकवून एवढंच म्हणाले, की तू सप्टेंबरमध्ये चार ओळी लिहिल्या असत्यास तर त्यांनी हो म्हटलं असतं. मला आजही वाटतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

इथे विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा म्हणजे 'रिस्ट्रिक्टेड फंड'. तो त्याच कामाला लावणं हे कायद्याचं बंधन आहे, आणि जबाबदारी ट्रस्टींवर येते, जे स्वतः सहसा एक पैसा मानधन घेत नाहीत. त्यात निधी देणाऱ्याच्या अटी वेगळ्या. म्हणून योजना बदलणं हा गुन्हा नाही, न सांगता बदलणं हा आहे. आपल्याकडे डोनरला 'बदल करतोय' म्हणणं म्हणजे हरल्याची कबुली. पुढच्या वर्षीचा निधी जाईल ही भीती खरी असते, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण त्या सवयीनं आपल्याला लपवण्यात तरबेज केलंय. वेळेवर लिहून कळवणं मात्र आपल्याला कोणी शिकवलं नाही. इकडे येताना मोडायची सवय कुठली, तर ही. माझ्या कागदाला आता एक मागची बाजू आहे. काय बदललं, का, कोणाला विचारलं, कोणत्या तारखेला हो आलं. बस्स. याला चेंज लॉग म्हणतात, पण नाव विसरलात तरी चालेल.

बजेटमध्येही हाच फरक. 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणाऱ्या, पैशातून प्रशासनावर 20 टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही (आधी 50 होते), त्यामुळे तिकडची मंडळी ऑफिसचं भाडं, हिशेबनीसाचा पगार कुठेतरी दडवायला शिकली. इथे प्रस्तावात ते उघड मांडतात. या प्रकल्पाच्या वाट्याचं भाडं इतकं, माझ्या देखरेखीचे तास इतके. 'फुल कॉस्ट रिकव्हरी' हा शब्द लक्षात ठेवा. माझा पहिला प्रस्ताव मी इतका स्वस्त केला होता की मॅनेजर म्हणाली, यात तुझा पगार कुठाय?

स्वयंसेवकांबद्दल थोडं. तुमच्या निम्म्या टीमला पगार नसेल, आणि त्या लोकांना हुकूम सोडता येत नाही. गुरुवारी येणारी बाई गुरुवारीच येते. तिला वेळेत, नेमकं आणि मोजकं काम द्यावं लागतं. आदल्या रात्री 'उद्या सकाळी सगळे या' असा ग्रुपवर मेसेज टाकायची आपली पद्धत विसरा. श्रमदानाला गाव गोळा केलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागत नाही, पण आठवडाभर आधी सांगायचं हे अंगवळणी पडायला लागतो.

फोटोंचंही तसंच. बॅनरमागे उभं करून सगळ्यांचे फोटो काढायची सवय असेल तर आवरा. संस्था सहसा प्रत्येकाची लेखी संमती घेतात, आणि नावं, आजार, पत्ते असलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली तर डेटा संरक्षणाचा कायदा आड येतो.

अनुभव धरतील का, याचं उत्तर तुम्ही अर्ज कसा लिहिता यावर आहे. सीव्हीवर फारसं चालत नाही. जाहिरातीबरोबर 'पर्सन स्पेसिफिकेशन', म्हणजे उमेदवारात काय काय हवं त्याची यादी, येतं, त्यातल्या प्रत्येक मुद्द्याखाली घडलेलं उदाहरण लिहायचं. 'ग्रामीण विकासाचा समृद्ध अनुभव' लिहू नका, कोणाला काही कळत नाही. 'तीन गावं, 14 महिने, इतकं बजेट, कामाचा क्रम असा ठरवला, इथे अडलं, हे बदललं' असं लिहा. ग्रामसभेत दोन गटांची भांडणं मिटवून चराईबंदीचा ठराव करून घेतला असेल तर तो जरूर लिहा, फक्त चराईबंदी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. नोकऱ्या बहुतेक अर्धवेळ आणि निधी असेपर्यंतच्या असतात, ही तयारी ठेवा. पहिले तीन-चार महिने कुठेतरी आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जा. कोणत्या संस्थेत, हे ठरवताना चॅरिटी कमिशनच्या (चॅरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) रजिस्टरवर तिचं नाव टाकून बघा, जमाखर्च आणि ट्रस्टींची नावं उघड असतात. मला हे रजिस्टर फार आवडतं, रिकाम्या वेळी मी उगाच वाचते.

निघण्याआधी करायची कामं. सध्याच्या संस्थेकडून अनुभवपत्र घ्या, आणि संदर्भासाठी दोन माणसांचे संस्थेच्या पत्त्याचे ईमेल घ्या, जीमेलचे नकोत. त्या दोघांना आधी सांगून ठेवा की इंग्लंडहून फॉर्म येईल, तो दोन दिवसांत भरा. माझ्या वेळी आमच्या सरांनी तो स्पॅम समजून उडवला आणि माझी नोकरी तीन आठवडे लोंबकळली. मुलं, वृद्ध यांच्याबरोबरच्या कामाला बऱ्याचदा डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, लागते. ती इथल्या नोंदींचीच असते, म्हणून भारतातला दाखला वेगळा मागू शकतात. तेव्हा पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून आणा. तुम्ही लिहिलेला एखादा प्रकल्प अहवाल संस्थेला विचारून, लोकांची नावं खोडून जवळ ठेवा. आणि उन्हाळ्यात पोहोचताय म्हणून जाड जॅकेट तिथून आणू नका, इथे चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) चांगलं मिळतं.