मोठेपणी एडीडी तपासायचंय? डॉक्टर असा निवड
अपॉइंटमेंट घेतानाच विचार, 'डॉक्टर मोठ्यांचं एडीएचडी बघतात ना?' (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा यांचा विकार; एडीडी हे त्याचंच जुनं नाव.) काही जण फक्त मुलांचंच बघतात. सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतील, पण गोळ्या लिहून देणार सायकियाट्रिस्टच. त्यातही मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते ऑनलाइन लिहून देता येत नाही. म्हणून जाता-येता येईल असाच डॉक्टर बघ.

लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे ते खोदून विचारतील. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून ने. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं' हा बाईंचा शेरा तिथे फार कामाला येतो! जमलं तर आईलाही सोबत ने.

झोप, थायरॉइड, नैराश्य यांची चौकशीच न करता शिक्का मारणारा, किंवा 'डिग्री मिळाली ना, मग कसलं एडीएचडी' म्हणणारा डॉक्टर भेटला, तर खुशाल दुसरा गाठ.