विमुक्त दिनाच्या दुसऱ्या दिवशी

1 सप्टेंबर

पोरी,

तुझं कालचं पत्र दोनदा वाचलं. विमुक्त दिनाचा कार्यक्रम झाला, हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि घरी येऊन तू लिहिलंस, "काका, आपण साजरं तरी काय करतोय? पालावर काहीच बदललेलं नाही." वकिलीची सनद मिळून तुला अजून वर्ष झालं नाही. या वयात असं वाटायलाच हवं. पण हे वाक्य असं मोघम सोडू नकोस. काय बदललं आणि काय नाही, हे तुला तारीखवार सांगता आलं पाहिजे. "काही बदलत नसतं हो" असं कचेरीत टेबलापलीकडचा माणूसही म्हणतो आणि फाईल बाजूला सारतो.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा तू कॉलेजात वाचला असशील. एकदा मूळ कायदा काढून वाच. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की त्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. मूल जन्मायच्या आधीच निकाल लागलेला. मुंबई इलाख्यात हा कायदा पुढे आला, आणि सोलापूरला सेटलमेंट झाली, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास.

मी सोलापूरच्या त्या वस्तीत पहिल्यांदा गेलो 1984 साली. तारा कधीच निघाल्या होत्या. कैकाडी जमातीतल्या एका आजींच्या दारात बसलो होतो. त्या टोपली विणत होत्या. लांब कुठेतरी गिरणीचा भोंगा झाला. आजींनी टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. ना कुणी बोलावलं, ना कुणी नाव घेतलं. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि पुन्हा येऊन विणायला बसल्या. सून म्हणाली, "लहानपणची सवय हाय त्यांची. हजेरीची."

ते बघितल्यापासून 31 ऑगस्ट 1952 ही तारीख मला कधी लहान वाटली नाही. देश स्वतंत्र झाल्यावर 5 वर्षं 16 दिवसांनी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. घटना लागू होऊनही अडीच वर्षं उलटली होती. उशीर झाला, मान्य. पण त्या आजींच्या नातीला शाळेत जायला पास लागला नाही. नंतर ती राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली आणि पाण्याच्या टाकीवरून सरपंचाशी भांडली. हे भांडण मी बदलात धरतो. तूही धर.

आता न बदललेल्याची बाजू. कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावर ते जातीचं नाव घेत नाहीत. पण चोरी झाली की रात्री पोलिसांची गाडी पालाकडेच वळते, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 साली हे कायदे रद्द करा म्हणून सांगितलं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जातीवर कामं वाटून दिलेली होती, आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून बघणाऱ्या तरतुदी होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. 1952 पासून मोज, 72 वर्षं. तो निकाल सगळा वाच. दमशील, पण वाच.

आणि कुणाला रात्री उचललं, तर निवेदन लिहीत बसू नकोस. आधी ठाण्यात जा. बाकावर बस. माणूस किती वाजता आणला, घरी कुणाला कळवलं, वैद्यकीय तपासणी झाली का, हे वहीत टिपून ठेव. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, हे घटनेच्या कलम 22 मध्ये आहे. अटकेच्या वेळी काय काय करायचं, ते सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 सालीच ठरवून दिलंय. आवाज चढवू नकोस. काळा कोट घालून कुणी शांतपणे वेळ लिहून घेतंय, एवढ्यानेही ठाण्यातलं बोलणं बदलतं. एकदा मी सकाळी बघू म्हणून घरीच थांबलो. सकाळी गेलो तेव्हा त्या पोराचा तळपाय जमिनीला टेकवत नव्हता. ती रात्र अजून माझ्यासोबत आहे, म्हणून तुला एवढं बजावून सांगतोय.

तुझा सगळ्यात जास्त वेळ मात्र जातीच्या दाखल्यात जाणार आहे. घटनेत अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या आहेत, विमुक्तांची वेगळी अशी यादी नाही. त्यामुळे कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा इथे विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. समता माणसाला मिळते की जिल्ह्याला, हा प्रश्न मला अजूनही पडतो. त्यात आपल्याकडे विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासूनचा राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना एका गावात टिकूच दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून?

एका बारावी पास मुलासाठी मी सात गावं फिरलो. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, जमीन नाही, घर नाही. शेवटी एका गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, जुन्या मोडी लिपीत, 1938 सालची एक ओळ सापडली. सहा महिन्यांचं मूल, ताप, बापाचं नाव, जात कैकाडी. बिऱ्हाड त्या गावाच्या शिवारात उतरलं असताना ते पोर गेलं होतं. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी ओळ मोठ्याने वाचली, तसे मुलाचे आजोबा म्हणाले, "माझा थोरला भाऊ. त्याचं नाव लिवलंय का?" नाव लिहिलेलं नव्हतं. त्या ओळीवर दाखला मिळाला.

म्हणून गावनोंदी बघताना घाई करू नकोस. मोडी शीक, पुस्तकी नको, नोंदवहीतली शीक. कागदात त्रुटी काढली तर ती लेखी माग. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. आणि दाखला हातात पडला की मुलाला सोबत घेऊन कॉलेजात जा, कारण फी माफीच्या खिडकीवर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

दसऱ्यानंतर तुमच्याकडची बिऱ्हाडं हलतील, तेव्हा हातात महिनाभरच आहे. सोमवारी तहसीलला जाशील तेव्हा अर्जाच्या तीन प्रती ने. एक तिथे दे, एक शिक्का मारून तुझ्याकडे ठेव. तिसरी पालावरच्या आजींना दे. त्यांच्याकडे कागदांची प्लॅस्टिकची पिशवी असते, ती त्या पावसात आधी उचलतात.

तुझा
काका