1/24 चं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) प्लास्टिकचं मॉडेल कार किट पहिल्यांदाच कस्टम करतोय, आधी रंग देऊन टाकू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी खाली बसलेली हवीय, रिम मोठे हवेत, मागचे मडगार्ड जरा रुंद करायचेत, आणि बॉडी लाल प्लास्टिकची आहे पण ती पांढरी करायचीय. तर आधी रंग अजिबात नको. रंग सगळ्यात शेवटी, आणि गोंद पण जितका उशिरा लावता येईल तितका उशिरा. चाकं नेमकी कुठे बसणार हे एकदा पक्कं झालं की बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

हे मी एक चांगली बॉडी घालवून शिकलोय. रंग झाला, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) झाला, पॉलिश करून आरशासारखी चमकवली आणि मग ती खाली आणलेल्या चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसवायला गेलो तर मागचं डावं टायर मडगार्डच्या आतल्या कडेला टेकतंय, फार तर अर्धा मिलिमीटर. म्हटलं आतून थोडं घासू, पण घासताना बॉडी बोटांत दाबली गेली आणि वर क्लिअरमध्ये केसासारखी बारीक चीर गेली, दिव्याखाली तिरकी धरली की लगेच दिसायची. सगळा रंग काढावा लागला, खूप वाईट वाटलं होतं.

म्हणून आधी चासी, आतली सीटांची ट्रे, काच, बॉडी सगळं नुसतं मास्किंग टेपने जोडून बघा, आणि चाकं चिकट पुट्टीच्या गोळीवर टेकवून गाडी टेबलावर डोळ्याच्या पातळीला ठेवा. एक सोपा हिशोब सांगतो: 1 इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याला 24 ने भागलं तर 1 मिमीच्या किंचित वर येतं, म्हणजे खऱ्या गाडीचा एक इंच आपल्याकडे साधारण एक मिलिमीटर. खरी गाडी 2 इंच खाली आणतात तर तुम्हाला 2 मिमी पुरे, आणि 18 इंची रिम साधारण 19 मिमीची. नवीन लोक हौसेने 4-5 मिमी खाली आणतात आणि गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसते. अजून एक, गाडी खाली आणायची म्हणजे अ‍ॅक्सल (चाकांचा दांडा) वर सरकवायचा. आरपार लोखंडी अ‍ॅक्सल असेल तर जुन्या भोकाच्या वर नवीन भोक पाडा, आणि प्रत्येक चाकाची पिन वेगळी असेल तर ती कापून 2 मिमी वर चिकटवा. दोन्ही बाजूंना माप कॅलिपरने घ्या, नजरेवर जाऊ नका, कारण पाव मिलिमीटरचा फरक पडला तरी एक चाक हवेत राहतं. पुढची चाकं वळणारी असतील तर पूर्ण वळवूनही बघा, बरेचदा सरळ ठेवल्यावर सगळं बसतं आणि वळवलं की टायर टेकतं.

मडगार्डसाठी अर्ध्या मिमीची स्टायरीन शीट (किटसारख्याच प्लास्टिकचा पातळ पत्रा) घ्या, पट्ट्या कापून कमानीवर एकावर एक चढवा. पातळ सिमेंट (मॉडेलचा पाण्यासारखा गोंद) प्लास्टिक विरघळवूनच जोडतं त्यामुळे जोड पक्का होतो, पण तो भाग दोन दिवस मऊ राहतो, तोवर घासू नका. वरून पुट्टी (खळगे भरायची, मघाची चिकट नव्हे) पातळ थरात द्या, जाड भरली की सुकताना बसते आणि रंगानंतर तिथे खळगा दिसतो. लहान फटींसाठी मी सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर मिसळून भरतो, ते आकसत नाही, फक्त तासाभरात घासून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग घासताना आजूबाजूचं प्लास्टिकच आधी झिजतं.

आता साच्याच्या रेघा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर उठलेल्या. मडगार्डच्या माथ्यावर आणि छताच्या खांबांवर बोटाचं नख फिरवा, हलकी धार लागेल, ती 600 नंबरच्या पॉलिश पेपरने ओली घासून काढा. दरवाजा आणि बॉनेटच्या फटी सुईने किंवा स्क्राइबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) आधीच खोल करा, तीन-चार थरांनंतर त्या बुजतात.

मग करडा प्रायमर, आणि तो वाळला की गाडी खिडकीच्या उजेडात फिरवून बघा, कच्च्या प्लास्टिकवर न दिसलेले सगळे ओरखडे आणि खळगे इथे दिसतात. परत पुट्टी, परत घासणं, परत प्रायमर. मी तीनदा तरी करतोच.

लाल प्लास्टिकचं मात्र नीट लक्षात ठेवा: लॅकर (पटकन वाळणाऱ्या) रंगातलं सॉल्व्हंट तो लाल रंग वर ओढतं आणि पांढरा दोन दिवसांत गुलाबी पडतो. प्रायमरवर एक चंदेरी थर द्या, तो लाल रंगाला वर येऊ देत नाही, आणि मग त्यावर पांढरा. इनॅमलवर (हळू वाळणाऱ्या तेलकट रंगावर) लॅकर कधीच मारू नका, खालचा थर सुरकुततो. स्प्रे 15 सेंमीवरून, पहिला थर इतका हलका की खालचं दिसायला हवं. हवा दमट असेल त्या दिवशी थांबाच, लॅकर दुधाळ पडतं.

क्लिअर पॉलिश करताना दरवाजाच्या कडा आणि बॉनेटची घडी यांवर पेपर फिरवू नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फटक्यांत प्रायमर दिसतो. क्रोमचे भाग चिकटवायचे असतील तर जोडाच्या जागेवरचं क्रोम आधी खरवडा, सिमेंट त्यावर धरत नाही. आणि मऊ टायर रंगवलेल्या भागाला टेकून महिनोन्महिने ठेवू नका, काही टायरमधलं तेल प्लास्टिक खातं. किट कुठल्या गाडीचं आहे आणि अ‍ॅक्सल कसा आहे ते कमेंटमध्ये लिहा, भोक कुठे पाडायचं ते नेमकं सांगतो.