गढूळ होईपर्यंत थेंब थेंब

शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांचं पत्र आलंय. लेक शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प पॉलिमर आणि क्षाराच्या पाण्यातल्या दोन थरांच्या समतोलावर. ते लिहितात, ‘पाण्यात मीठ कालवायला पोरगी रात्री आठपर्यंत लॅबमध्ये. पुण्यात एमपीएससीच्या क्लासचा पहिला हप्ता भरलाय. तिला समजावा.’

साहेब, चार पानांत हप्त्याचा उल्लेख तीनदा आहे. लेकीला काय हवंय, यावर ओळसुद्धा नाही. वर तिची प्रकल्पाची वही तिच्या नकळत चाळली, असं लिहिलंय. तुमच्या खतावणीत कुणी असा हात घातलेला चालेल? पोरगी २३ वर्षांची आहे. मला हप्त्यापेक्षा हेच जास्त खटकलं.

आता ते ‘मीठ’. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, पाण्यात विरघळतो; अमोनियम सल्फेट हा क्षारही विरघळतो. दोन्ही ठरावीक प्रमाणापुढे एकत्र केली की एकाच नळीत दोन थर पडतात: वर पॉलिमरचा, खाली क्षाराचा. आणि दोन्हींत पाणीच जास्त! हे प्रमाण कुठे येतं, ते तुमची लेक शोधतेय. क्षाराचं द्रावण थेंबाथेंबानं घालायचं, गढूळ झालं की वजन करायचं, पाणी घालून पुन्हा नितळ करायचं, की परत थेंब. अशा बिंदूंतून आलेखावर वक्र उभा राहतो. स्वीडनच्या पेर-ओके अल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात अशाच थरांनी प्रथिनं आणि पेशींचे भाग वेगळे केले. तिखट सेंद्रिय द्रावक लागत नाही, म्हणून एन्झाइम शाबूत राहतं. गुळाच्या काहिलीत भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते; ती नेमकी कधी काढायची, हे गुळव्याला कळतं. तिथलं शास्त्र वेगळं आहे, पण त्या नजरेची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

बरं, खोटी आशाही दाखवत नाही. या एका विषयावर कुणी नोकरी देत नाही, औषध कंपन्यांत प्रथिनं शुद्ध करायला आजही मुख्यतः क्रोमॅटोग्राफीच, म्हणजे मिश्रण भरलेल्या नळीतून सोडून घटक वेगळे करण्याची पद्धत, चालते. तिनं एचपीएलसी, म्हणजे त्याच पद्धतीचं जास्त दाबावर चालणारं यंत्र, आणि प्रथिनमापन हाताखालून घालावं. नेट, गेट या परीक्षा आहेतच. एमपीएससीही वाईट नाही, पण ती देणारीला द्यावीशी वाटली तर.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, पाकीट तिनंच बंद करायचं. तोवर दुसरा हप्ता भरू नका.